भरून दिलेली बाटली

सात नंबरच्या तुकड्यात ढेकण्या परत आला तेव्हा आमच्या कीड-संशोधन केंद्राने पहिला दोष धुक्याला दिला. मग मातीला. मग खांबलवाडीच्या बायकांना, कारण त्या म्हणे फवारणीनंतर फार लवकर खुडणीला शिरल्या. मी या केंद्राची कीटकतज्ज्ञ, केतकी राऊळ. दोष वाटायला बसण्याआधी झुडपाशी उकिडवं बसून बघावं, एवढी अक्कल मला होती. ती दोन वर्षांपूर्वी वापरली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

ऑक्टोबर संपत आला होता आणि सकाळचे साडेसहा वाजले होते. चहाचे जुने मुलूख उन्हाने तापून निघाले तसा चहा इकडे आंबोलीच्या घाटमाथ्यावर आला, त्याला आता पंधरा वर्षं झाली. खांबलवाडीचा मळा तिथल्या बायकांच्या संस्थेचा. खाली उतारावर काजू, वर चहा. चहाची खुडायची असतात ती शेंड्याची दोन पानं आणि एक कळी, आणि ढेकण्यालाही नेमकं तेच लागतं. डासासारखा लुकडा किडा, पाठीवर टाचणी टोचून ठेवावी तसा उभा काटा. सोंड खुपसून रस पितो. जिथे पितो तिथे तांबूस ठिपका उठतो, मग ठिपका काळा पडतो आणि चार दिवसांत शेंडा करपतो. खालच्या काजूवाल्यांना हा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मोहोर जाळतो म्हणून तो तिथेही शिव्या खातो.

सात नंबरात सहा आठवड्यांपूर्वी आमची आरएनए फवारणी ड्रोनने झाली होती. पहिल्याच आठवड्यात ढेकणे पटापट मेले, पेपरात फोटो आले, आमचे संचालक डॉ. निनाद वर्तक यांच्या गळ्यात हार पडले. आता त्याच तुकड्यात शंभर शेंड्यांतले नव्वद काळे होते. शेजारच्या आठ नंबरात, जिथे फवाऱ्याचा एक थेंब पडला नव्हता, तिथे तीस. मी आकडे उलटे लिहिले असतील म्हणून पुन्हा मोजलं. आकडे तेच आले.

मग आठ नंबरात शिरले आणि पानाखाली मला तो दिसला. लांबट, तपकिरी, मानेशी बारीक, चालण्याची कसलीच घाई नसलेला. पाठीवर काटा नव्हता. सोंड जाड आणि आकडीसारखी वाकडी, आणि त्या सोंडेच्या टोकाला एक ढेकण्या लटकत होता, अजून पाय हलवत. मी भिंग लावून पाच मिनिटं बघत राहिले. हा ढेकण्याची शिकार करणारा किडा होता, आणि आठ नंबरात तो जवळजवळ प्रत्येक झुडपावर होता.

परत सात नंबरात गेले. दोन तास शोधलं. तिथे तो एकही नव्हता.

इथे थोडं विज्ञान सांगायला हवं. ते अवघड नाही. प्रत्येक जिवाच्या पेशीत जनुकांचे निरोप घेऊन जाणारे धागे असतात. त्यांनाच आरएनए म्हणतात. अमुक पाचकरस बनव, तमुक कवच बनव, असे ते निरोप. बाहेरून एखादा दुपदरी धागा आत आला की पेशी बिथरते आणि त्याच्यासारखा दिसणारा स्वतःचा धागाही फाडून टाकते. म्हणजे ढेकण्याच्या पाचकरसाच्या निरोपाशी जुळणारा धागा प्रयोगशाळेत बनवायचा, पाण्यात मिसळून पानावर फवारायचा. ढेकण्या पान चोखतो, त्याची पेशी स्वतःचाच निरोप फाडते, आणि पाच दिवसांत तो भरल्या ताटावर उपाशी मरतो. मधमाशी, मुंगी, माणूस यांचे निरोप वेगळे असतात, त्यामुळे त्यांना काही होत नाही. जुनी विषं सरसकट मारायची, ही फवारणी नाव घेऊन मारते. तिचा सगळा डौल त्यावरच उभा आहे. म्हणूनच नाव चुकलं तर सगळंच चुकतं.

नाव कोण ठरवतं? कीडवाचक नावाचं यंत्र. त्यात किडे टाकायचे, ते त्यांचा लगदा करतं, डीएनए वाचतं आणि आपल्या नोंदवहीशी ताडून जात सांगतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही खांबलवाडीतल्या चाळीस बायकांना चाळीस बाटल्या दिल्या, ढेकणे गोळा करून आणायला. यंत्राने निकाल दिला: दोन तृतीयांश नेहमीचा ढेकण्या, एक तृतीयांश ढेकण्याचा नवा, घाटी प्रकार. वर्तक सरांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. आमच्या फवारणीत म्हणून दोन धागे आले, एक जुन्या ढेकण्यासाठी, दुसरा या घाटी भावासाठी.

कायदा असा आहे की यंत्र काहीही म्हणो, माणसाने किडा भिंगाखाली पाहून ओळख-दाखल्यावर सही केल्याशिवाय फवारणीला परवाना नाही. ती सही माझी आहे. बाटल्या माझ्यासमोर आल्या तेव्हा त्यांत किडे नव्हतेच, स्पिरिटमध्ये भिजलेला चिखल होता. पाय वेगळे, पंख वेगळे. मी म्हटलं, यंत्राला दिसतंय ना, मग झालं. ‘प्रत्यक्ष तपासले’ असं लिहिलं आणि सही ठोकली. सगळेच तसं करत होते, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्या दिवशी लवकर घरी जायचं होतं.

त्या सकाळी मी शिकारी किडा बाटलीत घेतला आणि थेट घर गाठलं.

आई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. खांबलवाडीच्या संस्थेची ती मुकादम. दोन वर्षांपूर्वी किडे गोळा केले म्हणून केंद्राने सगळ्या बायकांचा ‘कीडमित्र’ म्हणून सत्कार केला, तेव्हा मिळालेली सन्मानाची लाकडी फळी आमच्या घरात बाबांच्या फोटोशेजारी लावलेली आहे. तिच्यावरची धूळ रोज पुसली जाते, बाबांच्या फोटोवरची सणावारी.

“आये, ह्यो किडो वळखतंस?”

तिने बाटली उजेडात धरली. “ह्यो? ह्यो चायत कायम आसता. ढेकण्याक खाता. हळू चलता बिचारो.”

“तुमका म्हायत होता?”

“न म्हायत होवक काय झाला? धा वरसां खुडतो आमी.”

“मगे दोन वरसांमागे बाटलेत ह्येकाव घातलास?”

आईची बोटं थांबली. माझी आई उत्तर चुकवणारी बाई नाही. ती फक्त उत्तराआधी शेंग पूर्ण सोलते.

“ढेकणे सकाळचे गावतत. उजाडता उजाडता वर येतत, ऊन तापला की आत लिपतत. तुमच्या केंद्रान आमका खुडणी आटपल्यार सोडल्यानी, अकराक. अकराक ढेकणे खंयसून गावतले? अर्धी बाटली भरली.”

“मगे अर्धीच देवची होती.”

“तुमचा भांडा ता,” आई म्हणाली. “तुझ्या सायबान हातात दिल्यान. अर्धा भांडा परत कसा देवचा? आमी कोणाचा भांडा कदी रिकामा परत करतो?”

मी तिथेच पायरीवर बसले. आमच्याकडे शेजारणीने वाटीभर सांबारं पाठवलं तर ती वाटी रिकामी परत जात नाही. घरात काही नसलं तर दोन मिरच्या घालायच्या, मूठभर तांदूळ, अगदीच काही नाही तर एक सुपारी. मी लहान असताना मावशीचा डबा तसाच परत नेऊन दिला म्हणून आईने मला अर्ध्या वाटेवरून माघारी बोलावून त्यात गूळ घालून पाठवलं होतं. चाळीस बायकांच्या हातात आम्ही चाळीस भांडी दिली आणि त्यांनी ती गळ्यापर्यंत भरून परत केली. मी त्यांचं शिबिर घेतलं होतं. स्पिरिट किती, झाकण कसं, चिठ्ठी कुठे, सगळं सांगितलं. बाटली अर्धी राहिली तर अर्धीच द्या, एवढं सांगायचं मला सुचलं नाही. पुण्यातल्या माणसाला हे सुचलं नसतं तर गोष्ट वेगळी. मी याच घरात वाढलेय.

“आणि चिड्डलात कित्या?” बाटल्यांतला तो चिखल आठवून मी विचारलं.

आईने हात पुढे केला. अंगठा आणि पहिलं बोट आपोआप एकमेकांवर आपटलं, नखात नख. दहा वर्षं दिवसाला हजारो शेंडे खुडणारा हात. त्या चिमटीत काहीही आलं तरी ते मोडूनच बाटलीत जाणार.

केंद्रात परतल्यावर मी शिकाऱ्याचा एक पाय कापला. संपूर्ण किडा यंत्रात घालण्यात अर्थ नव्हता, कारण त्याच्या पोटात ढेकण्या होता. पायात पोट नसतं. पायात असतो तो फक्त पायाचा मालक. तो केसाएवढा पाय कीडवाचकात टाकला आणि वाट बघत बसले. यंत्राने चाळीस मिनिटं घेतली.

‘ढेकण्या, घाटी प्रकार. खात्री ९९ टक्के.’

म्हणजे तो घाटी भाऊ कधी नव्हताच. हा शिकारी कुणी कधी नोंदवला नव्हता, म्हणून यंत्राच्या वहीत त्याचं पान नव्हतं. पण ज्या ज्या बाटलीत तो होता त्या त्या बाटलीत त्याच्या पोटातून ढेकण्याचाही डीएनए निघत होता. दोघे सतत एकत्र सापडतात म्हणजे दोघे नातेवाईक, असं यंत्राने ठरवलं. जेवणाऱ्याला आणि जेवणाला त्याने एका घरात बसवलं. आणि आम्ही मोठ्या कौतुकाने त्या शिकाऱ्याला मारायचा धागा बनवला. पान तो चोखत नाही हे खरं, पण पान चोखलेला ढेकण्या त्याने खाल्ला की धागा त्याच्याही पोटात.

सात नंबरात ढेकणे मेले, पण आठवड्याभरात खालच्या काजूतून नवे चढून आले. शिकाऱ्याला चढून यायला कुठेच जागा नव्हती, तो या चहाच्या झुडपांवरच राहत होता, आणि शेजारच्या तुकड्यातून सरकत यायला त्याच्या चालीने महिने लागले असते. आणि घाटावरच्या चौदाही गावांवर तीच फवारणी पुढच्या मंगळवारी व्हायची होती. ती झाली असती तर शिकारी कायमचा गेला असता आणि मग दर सहा आठवड्यांनी फवारत बसण्याशिवाय या डोंगराला दुसरा धंदा उरला नसता.

वर्तक सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवते. आंबोलीच्या शाळेत ते पाहुणे म्हणून आले होते तेव्हा आठवीतल्या मला त्यांनी स्वतःच्या खिशातलं भिंग काढून दिलं होतं. पितळी कडीचं, छोट्या लाकडी डबीतलं. पुढे मी केंद्रात रुजू झाले तेव्हा तेच भिंग त्यांनी हौसेने माझ्या नावावर सामानाच्या यादीत चढवून घेतलं. मी कीटकशास्त्राकडे वळले ती त्यांच्यामुळे.

“पाय वेगळा काढून तपासलास, हे चांगलं केलंस,” ते म्हणाले. “मला सुचायला हवं होतं.”

“मग मंगळवारची फवारणी थांबवा, सर.”

“केतकी, चौदा गावांचा चहा करपतोय. परवाना मिळवायला तीन वर्षं लागली, आणि तो दोन धाग्यांच्या मिश्रणाचा आहे. एक धागा काढायचा म्हणजे नवा अर्ज आणि आणखी दोन वर्षं.”

“मग दोन वर्षं.”

“दोन वर्षं लोक हातावर हात ठेवून बसतील असं वाटतं तुला? जुनी विषं पुन्हा बाहेर निघतील. ती ढेकण्याला मारतील, मधमाशीला मारतील, झऱ्यातले मासे मारतील आणि तुझ्या या शिकाऱ्यालाही मारतील. निदान आपली फवारणी दोघांनाच मारते.”

यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं, हे कबूल करते. त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं.

“आणि दाखल्यावर सही कुणाची आहे?” त्यांनी आवाज न चढवता विचारलं.

“माझी.”

“त्यात नमुने प्रत्यक्ष तपासले असं लिहिलं आहेस.”

“खोटं लिहिलंय.”

“हे कागदावर आलं तर नोकरी जाईल. ते तुझं तू बघ. पण उद्या पेपरात काय छापून येईल? अडाणी बायकांनी बाटल्यांत वाट्टेल ते भरलं. तुझ्या आईने भरलं. चालेल तुला?”

तेव्हा मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणूस आपल्याला घाबरवतोय याचा राग नव्हता. त्यासाठी त्याने माझी आई पुढे केली याचा होता.

“नाही चालणार,” मी म्हटलं. “म्हणून छापून येण्याआधी मीच लिहून देते.”

मी दाखला मागे घेण्याचा अर्ज त्याच दुपारी दिला. नमुने मी पाहिले नव्हते, जातीची ओळख चुकली आहे, जबाबदारी माझी. सरांनी तो अडवला नाही, दडवला नाही, वेळेवर समितीकडे पाठवला. समितीची बैठक बारा दिवसांनी होती आणि फवारणी चार. बैठक होईपर्यंत जुना दाखला चालू राहतो असा नियम आहे. त्यांना काही करावंच लागलं नाही, कॅलेंडरने त्यांचं काम केलं.

घरी आईला अर्ज वाचून दाखवला. वाटलं होतं ती म्हणेल, फळीचं काय, गावात तोंड कसं दाखवायचं. ती उठली, आत गेली आणि भांडी घासायला लागली. माझी आई रागावली की घरातली स्वच्छ भांडी पुन्हा घासली जातात. दोन दिवस घरात तोच आवाज होता. माझ्या ताटात भात पडत होता, माझ्याकडे बघणं बंद होतं.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तिने माझ्यासमोर चहा आपटला.

“आमची नावां खंय आसत?”

“कशात?”

“त्या कागदात. तू लिवलंस, सगळी चूक माझी. मगे आमी कोण? बाटली कोणी भरली?”

“आये, मी तुमका वाचवूक...”

“वाचवूक म्हणता. पयली खोटी सही केलंस ती यंत्राक बघून. आता दुसरी करतंस ती आमका बघून. आमी काय बारकी पोरां? अर्ध्या बाटलेत काय घातला ता आमका सोडून कोणाक म्हायत हा? आमका इचारूक तेव्हाव कोण इलो नाय, आणि आता चूक सांगताना पण तू आमका आत लिपवतंस.”

खरं सांगायचं तर मला रडू आलं. ते बघून तिचा आवाज उतरला नाही, पण कपाजवळ तिने बिस्किटाचा पुडा सरकवला.

“फवारणी मंगळवारी ना?”

“मंगळवारी. सात वाजता.”

“गेल्या खेपेक आमका सात नंबरातसून भायर काढलेनी. माणूस आसलो तर ता ड्रोन उडना नाय म्हणान. खरा ता?”

“खरा. अंगाची ऊब दिसली की त्या तुकड्यावर जात नाय.”

“मगे झाला,” आई म्हणाली आणि फोन घेऊन अंगणात गेली. ती मुकादम आहे. कुणाला काय सांगायचं आणि किती वाजता, हे ती माझ्यापेक्षा फार चांगलं जाणते.

मंगळवारी पहाट फुटताना खांबलवाडीच्या मळ्यात चाळीस बायका ओळीत उभ्या होत्या, डोक्याला टोपरं, पाठीला टोपली. बाकी तेरा गावांतही तसंच. आईने सगळ्या मुकादमांना फोन केले होते. उभं राहायचं तर रिकाम्या हाताने कशाला, म्हणून त्या ढेकणे वेचत होत्या, योग्य वेळी, ऊन तापायच्या आत. आईने एकेकीला शिकारी किडा दाखवून ठेवला होता आणि हुकूम सोडला होता की ह्येका चिमटी लागली तर माझ्याशी गाठ आहे. शेजारची प्रभावती वयनी प्रत्येक किड्याला आधी न्याहाळून बघत होती आणि मोठ्याने म्हणत होती, “काटो आसा, घातलो. काटो नाय, सोडलो.”

सात वाजता वरच्या पठारावर ड्रोन उठले. सव्वीस होते. आमच्या डोक्यावर येऊन हवेत थांबले, घरघरत राहिले. मग पठारावरच्या कर्ण्यातून यंत्राचा मंजुळ आवाज आला, “तुकडा आठ. माणूस आहे. फवारणी स्थगित.” पुन्हा, “तुकडा नऊ. माणूस आहे.” पुन्हा, “तुकडा दहा. माणूस आहे.” अख्ख्या मळ्याची हजेरी त्या आवाजाने घेतली. मला एवढं समाधान शाळेत पहिला नंबर आला तेव्हाही झालं नव्हतं.

साडेसात वाजता वर्तक सर आले. बूट चिखलाने भरलेले, चेहऱ्यावर झोप नाही.

“सुलोचनाताई, हे काय चाललंय?” त्यांनी आईला विचारलं.

“काम चल्लाहा सायबानू.”

“आज मळ्याला सुटी दिलीय.”

“ढेकण्याक कोणी सुटी दिल्यानी?”

प्रभावती वयनीने पदरात तोंड लपवलं. सर माझ्याकडे वळले. “किती दिवस करणार आहात हे?”

“समिती बसेपर्यंत. आठ दिवस.”

“आणि मग? दोन वर्षं नवा परवाना येणार नाही.”

माझ्याआधी आई बोलली. “दोन वरसां हातान येचतलंव. उजाडता उजाडता. कंबर मोडात, पण येचतलंव. तुमचा इख नको नि तुमची ही दोन धाग्यांचीव नको. एक धाग्याची घेवन येवा, मगे आमीच तुमका वाट करून देतलंव.”

त्या दिवशी त्यांच्या खोलीत मला न सुचलेलं उत्तर ते हेच होतं. ते मला सुचणं शक्यही नव्हतं, कारण कंबर माझी मोडणार नव्हती.

मी खिशातून भिंग काढलं आणि सरांपुढे धरलं. समोरच्याच पानाखाली शिकारी बसला होता. “सर, एकदा वाकून बघा. दोन मिनिटं लागतील.”

त्यांनी भिंगाकडे पाहिलं. त्यांनी ते ओळखलं, हे मला दिसलं. पण ते वाकले नाहीत. “समितीसमोर बघू,” म्हणाले आणि चिखलातून परत गेले. ड्रोन आणखी तासभर डोक्यावर घरघरले, मग एकेक करून खाली उतरले.

आठही दिवस बायका पाळीपाळीने उभ्या राहिल्या. समिती बसली तेव्हा मी नवा अर्ज दिला. त्यात माझी चूक माझ्या नावाने होती आणि बाटल्यांची गोष्ट चाळीस बायकांच्या नावाने, खाली चाळीस सह्या. भांडं रिकामं परत करत नाहीत, हे आईने स्वतः उभं राहून समितीला सांगितलं. कुणी हसलं नाही. पेपरात छापून आलं, पण सर म्हणाले होते तसं ते कुणाला छापता आलं नाही, कारण लाजेने बोलण्यासारखं काही आम्ही शिल्लकच ठेवलं नव्हतं. समितीने दुसऱ्या प्रयोगशाळेत पाय तपासले. दहा किड्यांचे दहा पाय. फवारणीचा परवाना स्थगित झाला.

खोट्या दाखल्याबद्दल मला कामावरून काढलं. ते बरोबरच केलं. मी त्यांच्या जागी असते तरी काढलं असतं. आता मी रोज पहाटे संस्थेच्या मळ्यात असते, पाठीला टोपली लावून. माझी चिमटी अजून आईसारखी बसत नाही, त्यामुळे माझे किडे अख्खे राहतात, आणि प्रभावती वयनी म्हणते की याच एका कामाला माझं शिक्षण उपयोगी पडलं.

गेल्या आठवड्यात केंद्राचं पत्र आलं, संचालकांच्या सहीचं. केंद्राच्या मालकीच्या वस्तू परत कराव्यात: ओळखपत्र, गमबूट एक जोड, भिंग एक, लाकडी डबीसह. भिंग वाचून मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ते केंद्राचं झालं होतं कागदावर, माझ्या मनात ते आठवीतल्या मुलीचं होतं.

मी सगळं पिशवीत भरलं. आईने सत्काराची फळी भिंतीवरून काढून, कागदात गुंडाळून वर ठेवली. “हीव देवन ये,” म्हणाली. मग तिने लाकडी डबी हातात घेतली, उघडून पाहिली. आत मखमलीच्या खोबणीत भिंग होतं आणि शेजारी त्याचं पुसायचं फडकं ठेवायची जागा मोकळी होती.

“रिकामा जातला ह्या,” ती म्हणाली.

“आये, ता सरकारी सामान. भांडा नाय.”

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी गुपचूप टोपली उचलली आणि आठ नंबरात गेले. पानाखालून एक शिकारी घेतला, हळूच, अख्खा, जिवंत, आणि भोकं पाडलेल्या नळीत घालून भिंगाशेजारच्या जागेत बसवला. पिशवी घेऊन केंद्रात गेले, सरांच्या टेबलावर डबी ठेवली आणि पोच मागितली. पोच द्यायची तर वस्तू उघडून बघावी लागते, असा केंद्राचा नियम आहे.

सरांनी डबी उघडली. मग त्यांनी भिंग उचललं, नळी उजेडाकडे धरली आणि वाकले.